मिशीसह अठरा मीटर खोल

पाठीवर मावेल तेवढाच संसार घेऊन, मुक्कामाचे आगाऊ आरक्षण न करता आणि शक्य तितक्या कमी खर्चात महिनोन्‌महिने देशोदेशी हिंडणाऱ्या व्यक्तीस बॅकपॅकर असे म्हणतात. ही व्याख्या सर्वमान्य असली तरी तीत वयाची अट घातलेली नाही, आणि नेमक्या याच पळवाटेतून सांगलीचा एक गृहस्थ, जो यापुढे ‘प्रस्तुत प्रवासी’ या नावाने ओळखला जाईल, बँकेच्या हिशेब तपासणी विभागातील २२ वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छानिवृत्ती पत्करून वयाच्या ४७व्या वर्षी या वर्गात दाखल झाला. त्याच्या पत्नीने या बेताचे ‘उशिरा निघालेला गोवर’ असे निदान केले आणि गोवर दाबू नये, अंगावर नीट फुटू द्यावा, या घरगुती वैद्यकाला अनुसरून सहा महिन्यांची मोकळीक दिली. पाठपिशवीचे वजन १७ किलो भरले, त्यांपैकी ४ किलो मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि गुडघ्याला चोळायचे मलम यांचे होते. तरुण बॅकपॅकर ज्या सामायिक खोलीत उतरतात आणि जिला डॉर्म म्हणतात, तेथे ही पिशवी उघडली की पहिल्या दिवशी सगळे हसत आणि तिसऱ्या दिवशी मेतकूट मागत. मात्र वरच्या बाकड्यावर चढताना ते आपणहून हात पुढे करीत आणि ‘सर’ म्हणत, हे प्रस्तुत प्रवाशाला शेवटपर्यंत झोंबत राहिले.

या जातीच्या प्रवासाचा इतिहास चाळला असता मराठी माणसाला त्यात एक उलटापालट आढळते. १९६० आणि १९७०च्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल अशी खुष्कीची वाट धरून जे हिप्पी युरोपातून पूर्वेकडे निघाले, त्यांतील अनेकांचा प्रवास गोव्यात हणजुण्याच्या वाळूवर येऊन संपे. टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्याने तसल्याच भटकंतीवर, आशिया स्वस्तात कसा ओलांडावा हे सांगणारी एक पुस्तिका १९७३ साली काढली आणि तिच्यातून ‘लोन्ली प्लॅनेट’ ही प्रकाशनसंस्था उभी राहिली; पुढे १९७९ साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि ती वाट मोडली. सारांश, जग पाठीवर पिशवी टाकून दाराशी आले तेव्हा आपण त्याला गांजेकस म्हणून दार लावून घेतले, आणि जग घरी परतून नोकरीला लागल्यावर प्रस्तुत प्रवासी पिशवी घेऊन बाहेर पडला. वास्तविक मराठी माणसाला ओझे घेऊन हिंडणे नवे नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत उत्तरेत सापडले, लुटले गेले, आणि तरीही गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली छापले गेले. कावड ही मराठी बॅकपॅकच होय, भेद इतकाच की गोडसे भटजींच्या खांद्यावर आईवडिलांच्या स्नानाचे पाणी होते आणि प्रस्तुत प्रवाशाच्या पाठीवर स्वतःच्या गुडघ्यांचे मलम.

को ताओ या बेटावर पोचण्यापूर्वीच्या साहसांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. नेपाळमध्ये पोखरा येथे पॅराग्लायडिंग करताना, म्हणजे कापडी छत्रीला लटकून डोंगरावरून हवेत तरंगताना, फेवा तलाव आणि माचापुच्छ्रे शिखर एकाच नजरेत दिसतात असे म्हणतात. प्रस्तुत प्रवाशाचे डोळे मिटलेले असल्याने त्यास दुजोरा देता येत नाही. न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनजवळच्या कवाराऊ पुलावर, जेथे पायाला रबरी दोर बांधून खाली उडी टाकण्याचा बंजी हा खेळ १९८८ साली धंदा म्हणून सुरू झाला, तेथून ४३ मीटर खाली नदी दिसते. ती नीट पाहून झाल्यावर प्रस्तुत प्रवासी पुलावरून चालत परतला आणि चालत परतणाऱ्यांना प्रमाणपत्र मिळते काय, अशी चौकशी त्याने केली.

थायलंडच्या आखातातील को ताओ हे बेट जेमतेम २१ चौरस किलोमीटरचे आहे. थाई भाषेत ‘को’ म्हणजे बेट आणि ‘ताओ’ म्हणजे कासव. राजा पाचवा राम १८९९ साली येथे येऊन एका शिळेवर आपली आद्याक्षरे ठेवून गेला, १९३३ ते १९४७ या काळात येथे राजकीय कैदी डांबले जात, आणि हल्ली जगभरातील मंडळी स्वखर्चाने येऊन स्वतःला पाण्याखाली डांबून घेतात, कारण स्कूबा शिकण्यासाठी हे बेट प्रसिद्ध आहे; प्रस्तुत प्रवाशानेही येथेच त्या अभ्यासक्रमात नाव घातले. सांगलीहून मालवण एका रात्रीच्या अंतरावर आहे, तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, मग बुडायला थायलंडपर्यंत कशाला जायचे, हा वडिलांचा प्रश्न निघण्यापूर्वी अनुत्तरित राहिला होता, आणि पुढील घटना पाहता तो अनुत्तरितच ठेवणे इष्ट होय.

‘स्कूबा’ हा मुळात शब्दच नव्हे. पाण्याखाली श्वास घेण्याच्या स्वयंपूर्ण साधनाच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत. पूर्वीच्या पाणबुड्याला नावेवरून नळीवाटे हवा पुरवावी लागे आणि त्यामुळे तो दावणीच्या बैलासारखा नळीभर अंतरातच फिरू शके. ती दावण तोडण्यात मोठा वाटा फ्रेंच नौदलातील झाक-ईव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांच्या झडपेचा होता. १९४३ साली त्यांनी बनविलेल्या या झडपेतून पाणबुड्याने श्वास ओढला तरच, आणि भोवतालच्या पाण्याचा दाब असेल त्याच दाबाने, हवा येते. पाठीवरच्या टाकीत प्राणवायू असतो ही समजूत सांगलीत सार्वत्रिक आहे, परंतु ती चुकीची आहे. टाकीत आपण रस्त्यावर घेतो तीच हवा गाळून, कोरडी करून, २०० बार इतक्या दाबाने कोंबलेली असते, म्हणजे ११ लिटरच्या टाकीत सुमारे २२०० लिटर. हिशेब तपासनीसाला हा आकडा समाधान देणारा होता, पण खोलीवर दर श्वासाला जास्त हवा लागते आणि घाबरलेला माणूस तीच हवा दुप्पट वेगाने संपवतो, हे पुढचे कलम वाचून ते समाधान टिकले नाही.

या विद्येचा पहिला नियम असा की पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नये. रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली मांडल्याप्रमाणे दाब कमी होईल तशी हवा फुगते, आणि समुद्रात दर १० मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढत असल्याने, १० मीटर खोलीवर छाती भरून श्वास रोखलेला माणूस वर आला तर त्याच्या फुफ्फुसांतील हवा दुप्पट जागा मागते. ती जागा फुफ्फुसांपाशी नसते. दुसरा नियम असा की श्वास तोंडानेच घ्यायचा. प्रस्तुत प्रवाशाने सांगलीच्या योगवर्गात २० वर्षे नाकाने पूरक, मग कुंभक आणि नाकानेच रेचक असा अभ्यास केला होता आणि वर्गात त्याचा कुंभक दीर्घ म्हणून वाखाणला जाई; येथे नाक निकामी आणि कुंभक प्राणघातक ठरल्याने त्याची सारी साधना पहिल्याच तासाला तोट्यात गेली.

आता मास्ककडे वळले पाहिजे, कारण या प्रवासातील एकमेव मोठी आपत्ती तेथेच दडलेली आहे. २०२० साली जगाने जो मास्क तोंडावर चढवला त्याहून हा निराळा. यात डोळे आणि नाक आत राहतात, तोंड बाहेर राहते, पुढे काच असते आणि कडेला सिलिकॉनची मऊ झालर असते, जी कपाळ, गाल आणि वरचा ओठ यांना चिकटून पाणी अडवते. काच आणि डोळा यांमध्ये हवेची पोकळी नसेल तर माणसाला पाण्यात धूसर दिसते. पोकळी असली की दिसते स्पष्ट, मात्र प्रत्येक वस्तू एक तृतीयांशाने मोठी भासते. नाक आत घेण्याचे कारण कानात आहे. खोल जाताना कानाच्या पडद्यावर दाब येतो आणि तो समतोल करण्यासाठी नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारावी लागते. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ आंतोनियो व्हाल्साल्व्हा याने १७०४ साली कानावर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावाने ही फुंकर ओळखली जाते. मास्कमध्ये थोडेफार पाणी शिरतेच, म्हणून मान वर करून, मास्कची वरची कड कपाळाशी दाबून, नाकाने जोरात हवा सोडून ते खालून हुसकावण्याची क्रिया प्रत्येकाला यावी लागते. तिला मास्क साफ करणे म्हणतात. ही क्रिया दहा वर्षांच्या मुलालाही जमते, असे प्रशिक्षिकेने सांगितले, आणि पोहण्याच्या तलावातल्या सरावाच्या पहिल्या दिवशी तसा दहा वर्षांचा एक मुलगा प्रत्यक्ष हजरही होता.

प्रस्तुत प्रवाशाला ती जमली नाही. तो मास्क साफ करी आणि श्वास घेईपर्यंत मास्क पुन्हा नाकापर्यंत भरलेला असे. मग सवयीने तो नाकाने श्वास घेई, नाकात पाणी शिरे, तो ठसकत वर येई, आणि तलावाच्या काठावर बसलेला तो मुलगा आपल्या आईला काहीतरी सांगे. सातव्या खेपेला प्रशिक्षिकेने, जी त्याच्या निम्म्या वयाची आणि त्याच्याहून दुप्पट शांत होती, त्याचा मास्क काढला, चेहऱ्याकडे निरखून पाहिले आणि आपले बोट त्याच्या नाकाखाली आडवे ठेवले. गळतीचे उगमस्थान सापडले होते. ती मिशी होती.

मिशी आणि पाणबुडी विद्या यांच्या संबंधांवर मराठीत फारसे लेखन झालेले नसल्याने येथे थोडा विस्तार करणे आवश्यक आहे. सिलिकॉनची झालर त्वचेला चिकटते, केसांना चिकटत नाही. दोन केसांच्या मधून पाणी वाट काढतेच. पूर्वी ही अडचण नव्हती. ऑगस्टस सीबे याने १८३०च्या दशकात लंडनमध्ये तांब्याच्या शिरस्त्राणाचा जो पोशाख बनवला, त्यात सगळे डोके मिशीसकट आत जाई, आणि तो काळ मिशाळ पाणबुड्यांचा सुवर्णकाळ मानावा लागेल. पाणबुड्याने वर येताना किती थांबावे, म्हणजे रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन सांध्यांत अडकणार नाही, याची कोष्टके जॉन स्कॉट हाल्डेन याने १९०८ साली प्रसिद्ध केली. त्यासाठी त्याने शेळ्यांना दाबाच्या कोठीत कोंडून प्रयोग केले. शेळ्यांना मास्क घालावा लागत नसल्याने दाढीमिशांचा प्रश्न शास्त्रापुढे आला नाही, आणि खुद्द हाल्डेनही मिशी बाळगून होता. त्याचा तितकाच मिशाळ पुत्र जे. बी. एस. हाल्डेन याने बापाचे काम पुढे नेले, दाबाच्या कोठीत स्वतःच्या कानाचे पडदे फाडून घेतले, आणि अशा छिद्रातून तंबाखूचा धूर बाहेर सोडून दाखवता येतो हा त्याचा लाभ नोंदवून ठेवला. १९५७ साली तो भारतात स्थायिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. सारांश, या विद्येत बाप, लेक आणि मिशी हे त्रिकूट जुने आहे, याची जाणीव पुढील प्रसंगी ठेवावी.

प्रशिक्षिकेने पहिला उपाय म्हणून मिशीला व्हॅसलीन फासण्यास सांगितले, म्हणजे केसांमधील फटी बुजतील. प्रस्तुत प्रवाशाने हिशेबी माणसाला न शोभेल इतके व्हॅसलीन फासले. परिणामी मास्क मिशीवर टिकेना, कपाळाकडे घसरू लागला, आणि एकदा तर डोक्यावरून सुटून तलावाच्या तळाशी गेलेला मास्क त्या दहा वर्षांच्या मुलाने परत आणून दिला. दुसरा उपाय म्हणून त्याने मास्कचा पट्टा आणखी दोन खाचा आवळला, कारण डबा गळत असेल तर झाकण घट्ट करावे ही स्वयंपाकघरातील शिकवण त्याला ठाऊक होती. संध्याकाळपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर मास्कची लाल किनार उमटली होती, कानात दडे बसले होते आणि मास्कमध्ये पाणी होतेच. तेव्हा प्रशिक्षिकेने तिसरा उपाय सुचवला: मिशी सबंध काढायची गरज नाही, नाकाखालची अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी वस्तऱ्याने साफ केली की झालरीला बसायला जागा मिळेल, आणि अनेक पुरुष तसे करतात.

तिला या सूचनेतील धर्मसंकट ठाऊक असण्याचे कारण नव्हते. जुन्या वळणाच्या मराठी घरांत बाप हयात असताना मुलाने मिशी काढू नये असा दंडक आहे; ती बापाच्या मरणानंतर क्षौरात उतरवायची असते, आणि म्हणून मिशीविना घरी आलेल्या मुलाला पाहून शेजारणी पदर डोळ्यांना लावतात. प्रस्तुत प्रवाशाची मिशी अठराव्या वर्षी फुटली आणि तेव्हापासून तिला वस्तरा लागला नव्हता. त्याचे वडील ८३ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसिअर, सांगलीत ठणठणीत होते. मिशीला पीळ देणे, मिशीला तूप लावून मिरवणे आणि मिशी खाली येणे या तिन्ही क्रियांना मराठीत अर्थ आहे. मिशी समुद्राच्या सोयीसाठी काढणे या क्रियेला नाही. अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्टीने दंडक मोडतो की नुसताच वाकतो, यावर डॉर्मच्या वरच्या बाकड्यावर रात्री ११ वाजेपर्यंत विचार करून झाल्यावर त्याने वडिलांना फोन लावला. थायलंडचे घड्याळ दीड तास पुढे असल्याने सांगलीत तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि वडिलांचे दूध पिणे चालले होते.

सर्व हकीकत ऐकून वडिलांनी मिशीबद्दल काहीच विचारले नाही. चाळीस वर्षे कालव्यांची गळती शोधण्यात घालवलेल्या माणसाला शोभेल असा प्रश्न त्यांनी विचारला.

“पाणी कुठनं शिरतंय?”

“मिशीतनं, अण्णा.”

“हे कुणी बघितलं? तू आत होतास, ती बाहेर होती. गळतीची बोंब एका मैलाला असते आणि भगदाड दुसऱ्या मैलाला. आधी जागा बघ.”

येथपर्यंत संभाषण तांत्रिक होते. नंतर पेला खाली ठेवल्याचा आवाज आला, थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही, आणि वडील म्हणाले, “आणि काढायचीच असली तर काढ की. मी गेल्यावर काढणारच आहेस, ते मला कुठं दिसायचंय? आत्ता काढलीस तर बघून तरी घेईन.”

एवढे बोलून त्यांनी फोन ठेवून दिला, कारण परदेशच्या फोनला मिनिटागणिक पैसे पडतात ही त्यांची समजूत व्हॉट्सॲप येऊनही बदललेली नव्हती. प्रस्तुत प्रवासी फोन कानाला लावून बराच वेळ तसाच पडून राहिला. खालच्या बाकड्यावरच्या मुलाने, सर, काही अडचण आहे का, असे विचारले, आणि त्या रात्री त्याला ‘सर’ हा शब्द झोंबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉर्ममधील मंडळी चुंफोन पिनॅकल नावाच्या, पाण्याखाली डोंगराच्या सुळक्यासारख्या उभ्या असलेल्या खडकाकडे निघाली होती, आणि नावेत एक जागा रिकामी असल्याने वरून पोहत पाहण्यासाठी त्यांनी प्रस्तुत प्रवाशालाही बोलावले. या बेटावर भिंतीभिंतीवर व्हेल शार्कची चित्रे आहेत. नाव व्हेल असले तरी हा देवमासा नव्हे. कोकणात मुशी म्हणून जी जात बाजारात येते, तिच्याच गोतातला हा सर्वांत मोठा मासा, बारा मीटरहूनही लांब वाढू शकणारा, आणि तरीही पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खाणारा निरुपद्रवी प्राणी. भारतात २००१ सालापासून त्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ताडोब्याच्या वाघाप्रमाणे तो नेहमी काल दिसलेला असतो. प्रस्तुत प्रवाशाने विचार केला की पिनॅकल कुठे पळून जात नाही, आणि तो न्हाव्याकडे गेला.

न्हाव्याला अर्ध्या सेंटिमीटरची कल्पना खुणांनी देण्यात पाऊण तास गेला. प्रस्तुत प्रवाशाने नाकाखाली बोट आडवे धरले की न्हावी मान डोलावून वस्तरा उचले आणि प्रस्तुत प्रवासी घाबरून तोंड मिटे. शेवटी कागदावर चित्र काढण्यात आले, ते पाहून न्हाव्याने विजयाने वस्तरा चालवला, आणि आरशात एक असा माणूस दिसू लागला ज्याला जुन्या कृष्णधवल चित्रपटात सावकाराचा कारभारी म्हणून काम मिळाले असते. ती बारीक रेघ तोंडावर घेऊन वडिलांसमोर जाणे अशक्य होते. प्रस्तुत प्रवाशाने हातानेच ‘सगळी’ अशी खूण केली, डोळे मिटले, आणि २९ वर्षांची मिशी एका स्वीडिश तरुणाच्या पिवळ्या केसांबरोबर आंतरराष्ट्रीय केरात गेली. दुपारी नाव परतली तेव्हा डॉर्ममधील मंडळी ओरडतच उतरली. व्हेल शार्क वीस मिनिटे नावेभोवती फिरत होता. मिशीपायी मुशी गेली, एवढीच नोंद प्रस्तुत प्रवाशाच्या वहीत त्या तारखेखाली आढळते.

तिसऱ्या दिवशी पहिली बुडी झाली. या अभ्यासक्रमात समुद्रातील चार बुड्या असतात. पहिल्या दोन १२ मीटरपर्यंत आणि पुढच्या दोन १८ मीटरपर्यंत. तीन मीटरवर प्रस्तुत प्रवाशाच्या मास्कमध्ये पाणी आले. पूर्वीच्या मानाने ते निम्मे होते, परंतु ते होते, आणि ज्या माणसाने त्यासाठी वंशपरंपरागत दंडक मोडला त्याला ते निम्मे पाणी दुप्पट वाटले. प्रशिक्षिकेने त्याला हाताला धरून वर आणले, मास्कभोवती बोट फिरवले आणि डाव्या कानशिलापाशी थांबली. पट्टा इतका आवळलेला होता की तेथे झालरीला घडी पडली होती आणि त्या घडीतून पाणी येत होते. तिने पट्टा तीन खाचा सैल केला. मास्क कोरडा राहिला. बोंब एका मैलाला आणि भगदाड दुसऱ्या मैलाला, हे वाक्य तिला इंग्रजीत समजावण्याचा प्रयत्न प्रस्तुत प्रवाशाने लाटांवर डोलत डोलत केला, परंतु मैल हा शब्द ऐकून तिला तो दिशाभूल झालेला वाटला.

त्यानंतर १२ मीटरवर त्याला प्रथमच मान वर करून भोवती पाहता आले. आनंद व्यक्त करण्यासाठी त्याने अंगठा उंचावला. पाण्याखाली अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ म्हणजे सर्व ठीक, आणि उंचावलेला अंगठा म्हणजे ‘वर चला’. प्रशिक्षिकेने ती आज्ञा शिरोधार्य मानून त्याला सावकाश, नियमाप्रमाणे ५ मीटरवर ३ मिनिटे थांबवून, थेट नावेवर आणले. मराठीत अंगठा दाखवणे याचा अर्थ फसवणे असा होतो. अंगठा दाखवून माणूस स्वतःच फसल्याचे हे दुर्मिळ उदाहरण होय.

उरलेल्या बुड्यांचे वर्णन करण्यासारखे काही घडले नाही, आणि कदाचित म्हणूनच त्या उत्तम झाल्या. प्रवाळावर नाताळच्या झाडासारखे रंगीत तुरे काढून बसलेले किडे सावली पडताच बिळात गुडुप होत. पोपटमासे दगडासारखा प्रवाळ कुरतडत, आणि तो कुरकुर आवाज पाण्यात चौपट वेगाने येत असल्याने कोणत्या बाजूने येतो ते कळत नसे. पाणी लाल रंग सर्वांत आधी पिऊन टाकते. १८ मीटरवर प्रस्तुत प्रवाशाच्या मनगटावरचा जोतिबाचा लाल दोरा मातकट करडा दिसला. त्या खोलीवर त्याला स्वतःचा श्वास सोडून काही ऐकू येत नव्हते, आणि हिशेब तपासनीस म्हणून घालवलेल्या २२ वर्षांत त्याने एकही गोष्ट इतक्या लक्षपूर्वक मोजलेली नव्हती.

याच ठिकाणी एका पाणबुड्याने स्वतःचे छायाचित्र काढण्यासाठी, हातातील काठीवरचा कॅमेरा नीट धरता यावा म्हणून, प्रवाळाच्या गोलाकार खडकावर दोन्ही पाय रोवले. पायांना फिन होत्या, म्हणजे पोहण्यासाठी घालतात ती वल्ह्यासारखी पावले, आणि त्या हलल्या तेव्हा प्रवाळाचा एक तुकडा सुटून खाली घरंगळला. असा गोल प्रवाळ वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. तो दगड नसून लक्षावधी बारीक जीवांची वसाहत असते. थायलंडच्या पाण्यातील प्रवाळ १९९८ आणि २०१० साली समुद्र तापल्याने पांढराफटक पडला आणि त्यातला बराचसा मेला; जे उरले ते उभे राहायला पायपुसणे म्हणून उरलेले नाही. मिशीची गोष्ट वेगळी, ती महिन्याला एक सेंटिमीटर वाढते. प्रवाळाविषयी विनोद करण्याची प्रस्तुत प्रवाशाची इच्छा नाही.

प्रमाणपत्र मिळाले त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावण्यात आला. वडिलांनी चष्मा पुसला, फोन दूर धरला, जवळ धरला, आणि बराच वेळ काही न बोलता पाहत राहिले. मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून आवाज दिला, “अगं, इकडं ये. तीस वर्षं मिशीखाली तूच होतीस की!” आई हात पुसत आली, पडद्यावर वाकली, आपले ओठ परक्या देशात, ऊन लागून सोललेल्या एका चेहऱ्यावर पाहून लाजली, आणि जेवलास का, असे तिने विचारले. शेजारणींना काय सांगायचे, हा प्रश्न तिने नंतर विचारला. वडिलांनी तो निकालात काढला: पोरगा पाण्यात गेला होता आणि बाप जिवंत आहे, दोन्ही खरे सांगावे.

हिशेब तपासणीच्या नियमानुसार या प्रकरणाचा निष्कर्ष असा निघतो की निम्मी गळती मिशीची होती आणि निम्मी पट्टा आवळणाऱ्याची; पहिली निम्मी वस्तऱ्याने गेली, दुसरी फुकट गेली असती. म्हणून मालवणला असो वा को ताओला, पाण्यात उतरण्यापूर्वी वाचकाने एवढे करावे: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर नुसता धरावा, नाकाने किंचित श्वास आत ओढावा आणि हात सोडावा. मास्क चिकटून राहिला तर तो आपल्या मापाचा. पडला तर दुसरा मागावा. पट्टा हा मास्क जागेवर ठेवण्यासाठी असतो, पाणी अडवण्यासाठी नसतो. ही चाचणी न्हाव्याकडे जाण्याच्या आधी करायची असते.